नीरम

तीस वर्षं ज्यानं शिरोलीत बीड ओतलं,
पंपांची कवचं, ट्रॅक्टरचे भाग,
तो माणूस साठीला उठून म्हणाला,
आता होडी. शिडाची. आत राहता येईल अशी.
मी म्हटलं, रंगराव, कोल्हापुरात?
तर म्हणे समुद्र कुठं लांब आहे,
एक घाट उतरायचा.

तेव्हापासून आमच्या शेडच्या फरशीवर
खडूनं दोन होड्या आखल्यात, खऱ्या मापाच्या.
एक अरुंद, एका अंगाची,
पोटाखाली दीड टन बीड बांधून जाणारी.
खलाशी त्या वजनाला नीरम म्हणतात.
दुसरी दोन अंगांची, मधे अंगणाएवढी फळी;
तिच्या रेघा भिंतीवर चढल्यात,
शेडच तेवढी रुंद नाही.

संध्याकाळी कामगार गेले की
मी चहाचे कप घेऊन दोन्हींत फिरून येते.
अरुंदीत आम्ही समोरासमोर आलो
की एकाला मागं सरावं लागतं.
रुंदीत सरावं लागत नाही,
पण पलीकडच्या अंगात तो खोकला
तर मला ऐकू येणार नाही.

अरुंद होडी दिवस दिवस कलून चालते म्हणे.
मी विचारलं, तांबडा रस्सा तिरका कसा शिजवायचा?
त्यानं भंगारातून बेअरिंगं काढून
पाळण्यासारखी झुलणारी शेगडी केली.
दूध उतू गेलं, पण सरळ गेलं.

आयूब मिस्त्रींनी पॅटर्नच्या सागवानातून
हातभर लांबीच्या दोन्ही करून दिल्या.
रविवारी रंकाळ्यावर सोडल्या,
भेळवाल्यांच्या आणि पोरांच्या देखत.
वारा आला. एकअंगी पार आडवी झाली,
शीड भिजलं, मी तोंडावर हात धरला,
आणि ती उठली. कुणी न सांगता.
दुअंगी तोवर निम्मा तलाव ओलांडून गेलेली,
ताठ, पाटावर बसल्यासारखी.
मग पायडलबोटीची लाट आणि झोत एकदम आले,
ती उलटली,
आणि उलटीसुद्धा तितकीच ताठ राहिली,
दोन्ही पोटं उन्हाला देऊन.
आयूबभाई विजार दुमडून पाण्यात उतरले.
"वैनी, ही बुडायची न्हाई," म्हणाले,
"पण हिला उठवायला माणूस लागतंय."

मी तरी तिचीच बाजू घेतली.
पुराच्या वर्षी माझ्या माहेरी, आंबेवाडीत,
जी होडी आली ती चपट्या पोटाची,
गुडघाभर पाण्यातनं थेट गोठ्यापर्यंत;
आईला तिसऱ्या पायरीवरून उचललं.
सहा फूट खोल पाय असलेली
दारात येत नाही, मी म्हटलं.
तो बराच वेळ नट फिरवत राहिला.
मग म्हणाला, आणि जिथं दारच नाही तिथं?

असं हे वर्षभर.
मग देवगडला एका म्हाताऱ्या तांडेलाला दोन्ही कागद दाखवले.
त्यानं ते उलटे धरले, परत दिले,
आणि वाळूवरल्या आपल्या होडीकडं हनुवटी केली:
एक होडी, बाजूला
दोन वाशांनी लांब धरलेलं एक लाकूड.
उलांडी.
"एकाच बाजूक," तो म्हणाला,
"दुसरी बाजू वाऱ्याक ठेवायची."

रंगराव करूळ घाटभर बोलला नाही.
समोरून एसटी आली तेव्हा गाडी
कठड्याला चिकटवून थांबला, आणि मला दिसलं,
तो रस्त्याची रुंदी मोजतोय.
गगनबावड्याला धुक्यात चहा घेताना
बशीत बघत म्हणाला, "दीड."
मी म्हटलं, काय दीड?
"काही नाही. साखर."

घरी आल्यावर त्यानं काहीच पुसलं नाही.
फक्त खडू माझ्या हातात दिला.
तो अजून माझ्या ओट्यावर आहे,
हळदीच्या डब्यामागं.

सोमवारी भट्टी पेटेल.
साचे भरून झाले की लॅडलमधे
थोडा रस दर वेळी उरतोच.
तो कशात ओतायचा ते
उभ्या उभ्या ठरवावं लागतं.
तो थांबत नाही.